मागचा प्रोपेलर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस, रिमोटवरचं नवं विमान तयार आहे आणि रविवारी एकटीच हातानं सोडणार. मी ‘छान’ म्हणालो खरा, पण त्याचा प्रोपेलर मागे आहे हे ऐकल्यापासून चैन नाही.

आधीच्या विमानांचा प्रोपेलर पुढे होता, मोटर चालू करून सोडलं तरी हात मागेच राहायचा. इथे विमान पुढे निघालं की प्रोपेलर बोटांजवळूनच जाणार. म्हणून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्यावर ठेवूनच फेक. हात मोकळा झाला की लगेच थ्रॉटल दे. तुझ्या रिमोटवर थ्रॉटलची स्टिक डावीकडे आहे ना? मग उजव्या हातानं फेक, डावा अंगठा स्टिकवर तयार ठेव. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. आणि ती जोडली की मोटर बंद दिसली तरी हात प्रोपेलरपासून लांब.

बाकी तुला सांगायला नको. सहावीत थर्माकोलचं ग्लायडर तू जीव खाऊन आभाळाकडे फेकायचीस. ते नाक वर करून क्षणभर थबकायचं आणि नाकावर आपटायचं. आजी म्हणायची, पोरीला दुसरं काही खेळायला द्या. तू मात्र नाकाला चिमूटभर क्ले लावलीस, पंखाखाली दोन बोटांवर तोलून पाहिलंस, गवताची काडी सोडून वारा बघितलास आणि वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट धरून सरळ ढकललंस. केवढं लांब गेलं! तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर लागतो, हे मी नंतर वाचलं. तुझ्या बोटांना ते आधीच कळलं होतं.

त्याच बोटांची काळजी वाटते गं.

सुटल्या सुटल्या वळवू नकोस, वेग धरू दे, थोडी उंची येऊ दे. सोडण्याआधी एलेरॉन, एलिव्हेटर, म्हणजे विमान कलवायचे आणि नाक वर-खाली करायचे पट्टे, बरोबर बाजूला हलतात ना... झालं, सुरू झालं माझं. रागावू नकोस. दादाला शिकवतानाही मी असाच बोलत सुटायचो, तो तर उठूनच जायचा.

मोटर बंदच ठेवणारा थ्रॉटल कटचा स्विच लावला आहेस का, तेवढं रविवारच्या आत कळव. नसेल तर आधी तो लाव, उडवणं एक आठवडा पुढे गेलं तरी चालेल. आई विचारते आहे, रंग कोणता दिलास? खालची बाजू गडद ठेव, म्हणजे लांबून विमान कुठे कललंय ते ओळखता येईल.

तुझा,
बाबा