जिल्ह्याजिल्ह्यात ‘बैलघोड्याचे हॉस्पिटल’ हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला आहे. साखरपट्ट्यातील रस्त्यांवर लवकरच पुन्हा बैलगाड्यांच्या रांगा लागतील. म्हणूनच गेल्या हंगामात पाहिलेला एक प्रसंग आणि त्यामुळे प्रकर्षाने आठवलेली मुंबईतील एक जुनी संस्था, या दोन्हींविषयी लिहावेसे वाटले.

निवृत्तीनंतर मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहतो. जानेवारीतील एका संध्याकाळी गावाबाहेरच्या उतारावर उसाने भरलेली गाडी आवरली नाही आणि जोडीतला एक बैल पाय दुमडून खाली आला. पुढचा पाय मोडला होता. गाडीवान बीडकडचा, मुकादमाकडून (ऊसतोड टोळीच्या ठेकेदाराकडून) घेतलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून, त्याने ही जोडी खरेदी केली होती. आम्ही चार-पाच जणांनी जू सोडवून बैलाला रस्त्याच्या कडेला घेतले. पशुवैद्यकीय दवाखाना तोवर बंद झाला होता. तेथील डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार असल्याने ते सकाळी आले, त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि हा पाय रस्त्यावर बसवता येणार नाही, जनावर हलवावे लागेल, असे स्पष्ट सांगितले. हलवायचे कुठे, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती आहे असे कळले. तिचा दूरध्वनी क्रमांक मिळवण्यात दुपार उलटली आणि अखेर फोन लागला तेव्हा समितीकडे गाडी नाही, दवाखाना नाही, जनावर ठेवायला जागाही नाही, एवढेच कळले. तिसऱ्या दिवशी पहाटे बैल गेला. तोपर्यंत गाडीवानाची बायको रोज फडावरून परतल्यावर त्याच्या तोंडाशी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) धरून बसत होती. बैल गेला, उचल मात्र फिटायची राहिली.

माझे बालपण परळच्या गिरणगावात गेले. तिथे जखमी जनावर न्यायचे कुठे, हा प्रश्न कोणाला पडत नसे. ज्या रुग्णालयाचे अधिकृत नाव ‘बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स’ असे आहे, त्याला परळ-लालबागची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोड्याचे हॉस्पिटल’ म्हणतात, आणि या नावातच त्याचा इतिहास आहे. आज तिथल्या बाह्यरुग्ण विभागात कुत्री-मांजरे घेऊन आलेल्यांची गर्दी असते, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापलेले पक्षी येतात. परंतु हे रुग्णालय उभे राहिले ते गाडी ओढणाऱ्या बैलांसाठी आणि घोड्यांसाठी.

मुंबईत मुक्या जनावरांच्या आश्रयाची परंपरा त्याहून जुनी आहे. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या पोलिसांनी कोट भागात भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. पांजरापोळाने अन्न आणि निवारा दिला, पण जनावराला जखमी करणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. ते काम करण्यासाठी, लंडन (१८२४) आणि कलकत्ता (१८६१) येथील संस्थांच्या पाठोपाठ, मुंबईची प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्राम धावू लागली होती, हा योगायोग मला नेहमीच विचारात पाडतो. विजेची ट्राम १९०७ मध्ये येईपर्यंत या शहराची माणसे घोड्यांनी वाहिली आणि गोदीतला माल तर त्यानंतरही कित्येक वर्षे बैलांनीच ओढला.

संस्थेच्या पहिल्या काही वर्षांतच एक अडचण पुढे आली असणार, जी आम्हाला त्या उतारावर जाणवली: जखमी बैल गाडीवानाच्या हातून सोडवला, तरी तो बरा कुठे करायचा? गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी परळ येथे जागा देऊन आणि आपल्या पत्नीच्या नावे रुग्णालय उभारून याचे उत्तर दिले. १८८४ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याला लागूनच १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जनावरांवर उपचार करणारे प्रशिक्षित डॉक्टर मुंबईतच तयार होऊ लागले. कायदा पाळायला लावणारी संस्था, उपचार करणारे रुग्णालय आणि डॉक्टर घडवणारे महाविद्यालय, ही तिन्ही अवघ्या बारा वर्षांत उभी राहिली. दीडशे वर्षे हे काम टिकले, त्याचे श्रेय दयेच्या भावनेइतकेच या जोडणीला आहे, असे माझे मत आहे.

लहानपणी पाहिलेले एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. खाकी गणवेशातला संस्थेचा इन्स्पेक्टर नाक्यावर मालाची बैलगाडी थांबवायचा, जू उचलून बैलाच्या खांद्यावर हात फिरवायचा आणि कातडी सोललेली दिसली की गाडी तिथेच सोडायला लावून बैल रुग्णालयाकडे पाठवायचा. गाडीवान गयावया करायचे. आम्हा मुलांना ते निष्ठुर वाटे. पुढे कायदा वाचला तेव्हा कळले की ज्यांनी तो लिहिला, त्यांनी त्या गाडीवानाचाही विचार केला होता. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून आलेल्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमातील कलम ३५ नुसार न्यायदंडाधिकारी असे जनावर बरे होईपर्यंत शुश्रूषालयात (जनावरांच्या रुग्णालयात) ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. खर्च मालकाने सोसायचा असतो, परंतु मालक गरीब असेल तर उपचाराचा आकार घेऊ नये, असा आदेश देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. आमच्या उतारावरील गाडीवानासाठीच जणू ती तरतूद लिहिली होती; फक्त ती लागू करायला शुश्रूषालयच नव्हते.

नियमांची उणीव तर मुळीच नाही. १९६५ च्या नियमांनुसार ओढकाम व ओझी वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपता येत नाही. टोकदार पराणी वापरण्यास मनाई आहे. गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे चालत नाही. बैलगाडीत किती माल भरावा हे बैल लहान, मध्यम की मोठा आणि गाडीची चाके कशी, यावर ठरते. साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन होतेच. तोच आकडा नियमांतील वजनमर्यादेच्या तक्त्याशी ताडून पाहायला कोणी नेमलेले असते, तर माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या उतारावरची ती गाडी इतकी भरली गेलीच नसती.

सर्वांत महत्त्वाचा नियम २००१ चा आहे. त्यानुसार प्रत्येक राज्य सरकारने सहा महिन्यांच्या आत जिल्ह्याजिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन करायची होती. तिला शुश्रूषालय व निवारा बांधण्यासाठी पुरेशी जमीन आणि इतर सुविधा द्यायच्या होत्या, आणि तिथे पूर्णवेळ पशुवैद्यक नेमायचा होता. म्हणजे परळला पेटिटांनी स्वखुशीने जे दिले, ते देणे २००१ पासून शासनाचे कर्तव्य झाले आहे. बैठकीचे इतिवृत्त लिहिणारी समिती म्हणजे ही संस्था नव्हे.

दंडाविषयीही बोलले पाहिजे. कलम ११ खाली जनावराला मारहाण केल्यास किंवा त्याच्यावर जादा भार लादल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, आणि कित्येक दशकांत तो वाढलेला नाही. तरीही ऊसगाड्यांच्या बाबतीत दंड वाढवणे हा पहिला उपाय आहे असे मला वाटत नाही. वाढीव दंड शेवटी त्या बीडच्या गाडीवानाच्याच माथी बसेल. गाडीत किती मोळ्या चढवायच्या हे मात्र एकटा तो ठरवत नाही. जाणूनबुजून जनावराला ठार मारणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ती तिथे वापरावी.

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न सध्या ऐरणीवर असल्याने प्राणिकल्याणाची सारी चर्चा तिकडे वळली आहे. ते स्वाभाविक आहे, कारण रेबीज जीवघेणाच असतो. पण नसबंदी आणि लसीकरणासाठीही शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, वाहन आणि डॉक्टर लागतातच. एकदा जिल्ह्याचे शुश्रूषालय उभे राहिले की तेच कुत्र्यांच्याही कामी येईल.

जिल्हाधिकारी, पशुसंवर्धन विभाग आणि साखर कारखान्यांचे संचालक हे पत्र वाचतील अशी आशा आहे. शुश्रूषालयाची इमारत एका हंगामात होणार नाही, हे मी जाणतो. मात्र यंदाचे गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक काट्यावर वजनमर्यादेचा तक्ता मोठ्या मराठी अक्षरांत लावावा, गाड्यांच्या अड्ड्यावर बैलांसाठी पाण्याचा हौद भरलेला असावा, आणि जनावर उचलू शकणारी एक तरी गाडी जिल्ह्यात ठेवून तिचा क्रमांक प्रत्येक मुकादमाला आणि गाडीवानाला द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
परळचा एक जुना रहिवासी