ट्रकवाल्या दादांना, आणि इथल्याही दोघांना

लेकीकडं जर्मनीला जाऊन परवाच बेळगावात परतलो. बॅगा अजून तशाच पडल्यात, पण आधी हे लिहितो.

आरटीओतल्या त्या बाईंचे आभार. इंटरनॅशनल परमिट वर्षभरच चालतं आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच, हे त्यांनी आधी कन्नडमध्ये आणि मग माझा चेहरा बघून मराठीत सांगितलं. मी लायसन्स घरीच ठेवून निघणार होतो!

टिळकवाडीच्या कट्ट्यावरचे रिटायर्ड ड्रायव्हर मामा चहाचे ग्लास मांडून चौक शिकवायचे. "बोर्ड, सिग्नल काय नसलं तर उजवीकडनं येणाऱ्याला आधी सोड की रे!" तिकडच्या गल्ल्यांतून हेच कामाला आलं.

आणि तो ट्रकवाला. पेट्रोल पंपातून बाहेर पडलो, रस्ता मोकळा, आणि चोर्ला घाटाच्या सवयीनं गाडी सरळ डाव्या बाजूला घातली. (इंडिकेटर द्यायला गेलो तर वायपर सुरू झाले, ते वेगळंच.) समोरून येणाऱ्या त्यानं लांबूनच लाइट मारला, ट्रक थांबवला, चारी इंडिकेटर लावले आणि काचेआडून तळहात माझ्या उजवीकडं हळूहळू सरकवत राहिला, पोराला सायकल शिकवावी तसा. हॉर्न एकदाही नाही. मी पलीकडं गेलो तसा हात हलवून निघून गेला. नंबर बघायचंही सुचलं नाही.

लेकीसाठी नेलेल्या कुंद्यातला एक डबा गाडीतच होता. दादा, तो तुमचा होता.