नेरहाच्या आजी, सा. न. वि. वि.

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही आम्हाला ठाऊक आहात त्या एवढ्याच: स्पेनमधल्या नेरहा गावी बुरियाना किनाऱ्यावर निळ्या छत्रीखाली घडीची खुर्ची टाकून बसणाऱ्या आणि आमच्या भाड्याच्या घरासमोरच्या बाल्कनीत संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालणाऱ्या. तुम्हाला मराठी येत नाही, मला स्पॅनिशचे जेमतेम दहा शब्द. त्यातला 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, मी त्या दोन दिवसांत इतक्यांदा वापरला की त्याचं वजनच गेलं. म्हणून हे सविस्तर.

त्या दुपारी आमची चार वर्षांची लेक पाण्याशी का भांडत होती, ते आधी सांगते. तिचे आजी-आजोबा गुहागरचे. समुद्र म्हटला की ओहोटीला तो लांब आत जातो आणि ओल्या वाळूत खेकडे पकडता येतात, एवढं तिला पक्कं माहीत. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, हे तिला कोण पटवणार? 'हा आत कधी जाणार?' असं दर पाच मिनिटांनी विचारत शेवटी तीच आत गेली, गुडघाभर. आणि किंचाळली.

जेलीफिश. किनाऱ्यावर जेलीफिशचं चित्र असलेला पांढरा झेंडा सकाळपासून फडकत होता. आम्हाला वाटलं, एखाद्या हॉटेलची जाहिरात असेल.

मी पिण्याच्या पाण्याची बाटली तिच्या पायावर ओतणार, तेवढ्यात तुम्ही धावत आलात आणि माझं मनगट धरलंत. 'नो, नो! आग्वा दे मार!' (समुद्राचं पाणी!) आणि मी तुमचा हात झटकला, आजी. चांगलाच जोरात. लेक रडतेय आणि कोणी अनोळखी बाई मला अडवतेय, एवढंच मला दिसत होतं. तुम्ही रागावला नाहीत. तिच्याच खेळण्यातली बादली उचललीत, समुद्राचं पाणी आणलंत आणि पायावर हळूहळू ओतलंत. मी टॉवेलने पाय पुसायला गेले, तर तोही काढून घेतलात. गोड्या पाण्याने आणि चोळण्याने कातडीवर राहिलेल्या, न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात आणि विष आणखी पसरतं, हे मला जीवरक्षकाच्या चौकीत कळलं. तिथवर लेकीला कडेवर तुम्हीच नेलंत. मी मागून चपला घेऊन.

पुढे मलम. दुपारचे साडेतीन, म्हणजे तुमच्याकडे गाव झोपलेलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉसही विझलेला. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही दारावर चिकटवलेला कागद वाचलात आणि आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे घेऊन गेलात. आज कोणतं दुकान उघडं, याची पाळी त्या कागदावर लिहिलेली असते, हे आम्हाला कुठलं माहीत? रोज त्या दारावरून जात होतो.

रात्री लेकीला वरणभात हवा होता. तुमच्या गावात साडेआठच्या आधी जेवणाचं नाव कोणी काढत नाही, आणि आमची मुलगी आठला झोपते. किनाऱ्यावर वाळू भरलेल्या होड्यांत विस्तव करून तारल्या भाजतात, त्यांचा वास मला वेड लावत होता. तिने नाक मुरडलं. तेव्हा तुम्ही समोरच्या दारातून वाडगा घेऊन आलात. आर्रोस कॉन लेचे. तांदूळ, दूध, साखर, लिंबाची साल, वर दालचिनी. तिने एक घास घेतला आणि जाहीर केलं, 'खीर आहे!' वेलची नव्हती म्हणून माझ्या सासूबाईंनी नाक मुरडलं असतं, पण लेकीने वाडगा चाटून पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाल्कोन दे युरोपा या समुद्रावरच्या सज्जावर तुम्ही पुन्हा भेटलात. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या राजा अल्फोन्सो बाराव्याच्या पुतळ्याकडे बोट दाखवत तुम्ही तिला काहीतरी लांबलचक सांगत होतात. बहुधा 1884च्या भूकंपानंतर राजा इथे आला आणि या जागेला त्यानेच हे नाव दिलं, ती कथा असावी. ती आम्ही नंतर वाचली. लेक तुम्हाला मराठीत आपला पाय दाखवत होती. दोघींचं छान चाललं होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. पडले असते तर हात झटकल्याची माफी तेव्हाच मागून झाली असती. ती आता मागते.

निघताना पहाटे तुमच्या दाराशी वाडगा ठेवला. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सामानात उरली होती ती फक्त जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी. चिठ्ठी लिहायला कागद शोधेपर्यंत मालागाच्या बसची वेळ झाली, त्यामुळे ते तिखट असतं हे सांगायचं राहिलं. त्याबद्दल वेगळी माफी.

तुमच्या पायावर डोकं ठेवून,
लाल बादलीवाल्या मुलीची आई, ठाणे