डेटिंग अ‍ॅपवरची खंडणी

महोदय,
समलिंगी तरुण-तरुणींना डेटिंग अ‍ॅपवर लुबाडण्याची रीत ठरलेली आहे: गोड बोलणे, लगेच व्हॉट्सअ‍ॅप, मग कुणाच्या तरी फ्लॅटवर बोलावणे आणि ‘घरी सांगू’ची धमकी. प्रोफाइलमध्ये दिसणारे, तुम्ही किती दूर आहात हे अंतर आधी लपवा. तीन ठिकाणांहून ते पाहिले की घर सापडते. भेटीआधी व्हिडिओ कॉल करा (कपडे अंगावर ठेवून, स्क्रीन रेकॉर्ड होते), पहिली भेट छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीच्या गर्दीत. धमकी आलीच तर पैसे देऊ नका, मागणी वाढतच जाते. चॅट न पुसता स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी जपून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. खंडणी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हाच. पोलीस ठाण्यात हे ठणकावून सांगायला लाजू नये.

– काही वाचक, इंदूर