काका, मासा सोडून बाकी सगळं दिलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, आधी खारटपणा किती आहे ते सांग" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं. नागपुरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे मोजकेच. समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर. नव्या माणसाने विचारायचं कुणाला? आणि विचारलंच, तर बहुतेक ठिकाणी उत्तराआधी मासा हातात पडतो. तुम्ही मला मासा सोडून बाकी सगळं दिलंत.

दुकानात मला स्वस्तातले दोन डॅमसेल मासे टाकून टँक "सायकल" करून घ्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू पाण्यात वाढू द्या, असं सांगितलं होतं. हे ऐकल्यावर तुम्ही चिडलात तेवढं चिडलेलं मी तुम्हाला एरवी कधी पाहिलं नाही. मग शांतपणे समजावलंत. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. तो माशाचे कल्ले जाळतो. ज्या कामाला अमोनियम क्लोराइडचे थेंब पुरतात, त्यासाठी एका जिवाला आठवडेच्या आठवडे त्या पाण्यात का ठेवायचं? "मासा मागून. पाण्यात आधी वस्ती होऊ दे. घाई कायले करून राहिली?" हे तुमचं वाक्य मी टँकच्या कपाटाला आतून चिकटवलं आहे.

विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वेगवेगळे असतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो टेस्ट किटच्या नळीत. आधी अमोनियाचा हिरवा रंग उतरत गेला, मग नायट्राइटचा जांभळा चढला आणि कितीतरी दिवस तसाच हटून बसला. मी कासावीस होऊन फोन करायचे. हे जीवाणू मुळातच सावकाश वाढतात, दुसरी टोळी पहिलीच्या मागून येते, हे तुम्ही दर वेळी तितक्याच प्रेमाने सांगितलंत. 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले पाहिजेत, तोवर पुढचं काही नाही, ही तुमची अट होती.

माझे दगड कोरडे होते, आणि ते तसेच असावेत हाही तुमचाच आग्रह. आपल्याकडची प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. कुणी खाडीतून, खडकावरून उचललेला "जिवंत दगड" देतो म्हणालं तर हात लावायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. त्याऐवजी दह्याला विरजण लावावं तसा तुमच्या फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा तुकडा दिलात, कीटोमॉर्फा या हिरव्या समुद्रशेवाळाचा गुंता दिलात, आणि शेवटी ती काचेची बरणी. बरणीत मला आधी नुसतं मळकट पाणी दिसलं होतं.

त्या बरणीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. अमोनिया शून्य झाल्यावरच ती उघडायची, हे ठरलेलं होतं. रात्री लाइट घालवून, पाण्यातली घाण फेसावर काढणारा स्किमर काही तास बंद ठेवून, पंप मंद करून दगडांच्या फटींजवळ मी ती सावकाश ओतली. पुढे दर एक दिवसाआड फायटो, म्हणजे सूक्ष्म हिरवं शेवाळ, पाण्याला जेमतेम हिरवी झाक येईल एवढंच. काही दिवस काहीच हाललं नाही. वाळूवर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर मात्र चढला. तुम्ही म्हणालात, पुसू नको, बरणीतल्या जिवांचं ते जेवण आहे. मग एका रात्री लाल टॉर्च काचेला लावला आणि पांढरे ठिपके दिसले. सरकत नव्हते, झटके देत पळत होते. तुमच्या भिंगातून पाहिलं तर कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा आणि मागे अंड्यांची पिशवी! टिस्बे, कोपेपॉड (लाडाने पॉड) नावाच्या बारीक कवचधारी जिवांपैकी एक. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा अवस्था नुसतं नॉप्लियस, म्हणजे अगदी कोवळं डिंभ, म्हणून काढतं, मग त्याला कोपेपॉडचं रूप येतं, आणि हे सगळं दोनेक आठवड्यांत. मी घरातल्या सगळ्यांना झोपेतून उठवून दाखवलं. आई म्हणाली, मासे कुठे आहेत? पण पाहत उभी राहिली.

मे महिन्यात तुम्ही नसता तर हे सगळं गेलं असतं. नवतपात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाणी गार करणारा चिलर मला परवडणारा नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावायची युक्ती तुमची: आपली हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं आणि टँक दोनतीन अंशांनी उतरतो. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, घनता 1.025. हे आकडे तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, लग्नाच्या मांडवातूनसुद्धा.

आता क्लाउनफिशची जोडी आली आहे. पिंजऱ्यासारख्या जाळीखाली दगडांच्या चुऱ्याचा ढीग ठेवलाय, तिथे मासे पोचत नाहीत आणि पॉड्सची वीण चालू राहते. मँडरिन मासा दिवसभर पॉड्सच टिपत फिरतो, म्हणून तो इतक्यात आणणार नाही. तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकते.

एक विनंती आहे. कल्चर, म्हणजे वाढवलेल्या पॉड्सची वस्ती, कधी एकाच घरात ठेवू नये, एकदा रात्रभर वीज गेली की संपलं, असं तुम्हीच म्हणता. तुमच्या बरणीची पिल्लावळ माझ्याकडे आता भरपूर आहे. रविवारी दोन बाटल्या भरून आणते. एक तुमची जोडबाटली म्हणून असू द्या. दुसरी त्या कॉलेजच्या मुलाला द्या, ज्याला तुम्ही सध्या मासा घेऊ देत नाही आहात.

आपली,
मनीषनगरहून