कानाझावातल्या ताईंना, बाबांकडून आणि माझ्याकडून

प्रिय ताई,

कानाझावाचा हट्ट बाबांचा. सगळं आयुष्य सोनारकामात गेलेलं. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एका शहरात ठोकला जातो हे कळलं, आणि टोकियो-क्योटो त्यांच्या लेखी संपलं. जपानी आम्हा दोघांनाही येत नव्हतं. ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला आणि संशोधनाची कामं बाजूला ठेवून तुम्ही आमच्यासाठी दुभाषी म्हणून आलात.

केनरोकुएन बाग सुंदरच. हिगाशी चाया भागातल्या लाकडी जाळ्यांच्या घरांचे फोटो मी भरपूर काढले. पण बाबांचा जीव वर्खाच्या कारखान्यात होता. तिथे ते पर्यटक राहिलेच नाहीत. हीण किती, हा पहिला प्रश्न. तुम्ही तो तितक्याच गांभीर्याने कारागिरांना विचारलात. नेहमीच्या वर्खात ९४ टक्क्यांहून थोडं जास्त सोनं, बाकी चांदी आणि जरासं तांबं. मग एवढं पातळ होताना फाटत कसं नाही? मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग!

खरी कारागिरी कागदात आहे, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. हाताने बनवलेला कागद पेंढ्याच्या राखेचं पाणी, तेंदूसारख्या जपानी काकी फळाचा रस आणि अंडं यांत भिजवून तयार करायचा; त्याच्या थरांमध्ये सोनं ठेवून ठोकायचं. २०२० साली युनेस्कोने जपानी लाकडी वास्तू जपण्याच्या ज्या कौशल्यांना वारशाचा मान दिला, त्यांत असा वर्ख बनवणंही आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) शोगुनांची, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांची, बंदी असतानाही इथले कारागीर लपून वर्ख ठोकत, हे ऐकून बाबा खुलले. "कलेला कोण अडवणार!" हेही तुम्ही लगेच जपानीत सांगितलंत, आणि त्या वयस्कर कारागिरांनी बांबूचा चिमटा बाबांच्या हातात दिला.

दुसऱ्या कुणी "काका, पुढे चला" म्हटलं असतं. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. निवृत्तीनंतर बाबांना त्यांच्या कामाबद्दल इतक्या आदराने कुणी बोलतं केलं नव्हतं, ताई. त्यासाठी मनापासून आभार.

सुट्टीत भारतात आलात की कोल्हापूरला नक्की या. साज कसा घडतो ते दाखवायला बाबा तुम्हाला स्वतः गुजरीत नेणार आहेत. कुणाच्या पेढीवर जायचं, तेही त्यांचं ठरलंय.