चि. मुक्तास, व्यापाराचं अर्थशास्त्र निवडल्याबद्दल

डिचोली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एम.ए.ला आंतरराष्ट्रीय व्यापार घ्यायचं पक्कं केलंस, बरं झालं. सिद्धांत वर्गात होतीलच. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचं १८१७ चं गणित मात्र एकदा स्वतःच्या हाताने सोडव. इंग्लंडात कापडाला १०० माणसांचं वर्षभराचं काम, वाइनला १२०. पोर्तुगालात ९० आणि ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरी एका वाइनपायी त्याला ०.८९ कापड सोडावं लागतं आणि इंग्लंडला १.२. या दोहोंमधल्या कुठल्याही भावाला व्यापार दोघांनाही परवडतो. मुलाखतीत भलेभले इथेच अडखळतात.

पण या क्षेत्रात माणसाची पारख मॉडेलवरून कमी होते. समोरचा आकडा कुठून आला हे त्याला कळतं का, यावरून जास्त होते. आपलं गोव्याचं लोहखनिजच घे. एचएस, म्हणजे व्यापारातल्या मालाला क्रमांक देणाऱ्या जागतिक वर्गीकरणात ते २६०१ खाली येतं. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. त्यामुळे आपली आठ अंकी यादी चीनच्या यादीशी जुळवायला जाऊ नकोस, सहावर थांब. वर्गीकरण २००७, २०१२, २०१७, २०२२ असं बदलत आलंय. जुन्या-नव्या क्रमांकांचा जुळणी-तक्ता न लावता लांब मालिका काढलीस, तर एखादा माल मध्येच गायब होतो. खनिजाला याचा फारसा धक्का नाही, इलेक्ट्रॉनिक्सला चांगलाच बसतो.

एकाच बोटीचे दोन आकडे निघतात, तेही ध्यानात ठेव. आपण निर्यात एफओबी, म्हणजे बोटीवर चढवेपर्यंतच्या किमतीने नोंदवतो, चीन तीच आयात सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. खनिज जड नि स्वस्त, म्हणून त्यात भाड्याचा वाटा मोठा. तफावत दिसली रे दिसली की बिलात लबाडी म्हणणारे पुष्कळ आहेत. आधी भाडं वजा करून बघावं. टन ओले की कोरडे हेही विचारायचं, कारण भुकटीत पाणी असतं आणि भाव कोरड्या टनावर ठरतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीचं, बहुधा जानेवारी ते डिसेंबर.

मुरगावचा आकडा म्हणजे गोव्याचा आकडा नव्हे. त्या बंदरातून कर्नाटकातलंही खनिज गेलेलं आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा उथळ पट्टा, बोटींना बंद असतो, खाणींतली काढणीही थंडावते. म्हणून जुलैची तुलना मेशी करू नये, मागच्या जुलैशी करावी. दिल्लीत बसून हे सुचत नाही, तुला सुचायला हवं.

आता खरी गोम. गोव्याच्या निर्यातीतली २०१२ नंतरची घसरण पाहून 'खाणबंदी'चा एक डमी (बंदी असेल तर १, नसेल तर ०) समीकरणात टाकलास की झालं, असं वाटेल. पण डिसेंबर २०११ मध्येच निर्यात शुल्क ३० टक्क्यांवर गेलं होतं. तुझा डमी शुल्काचाही परिणाम गिळून बसेल. तुलनेला कर्नाटक घेशील, तर बळ्ळारीत २०११ पासूनच सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती. त्यापेक्षा २०१८ घे. न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून काम थांबलं. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावर, म्हणजे बहुतेक आपल्याच मालावर, २०१६ पासून शुल्क शून्य होतं आणि मे २०२२ पर्यंत ते तसंच राहिलं. एकच गोष्ट हलली, बाकी जागेवर. प्रबंधाला असा प्रसंग मिळणं भाग्याचं.

ग्रॅव्हिटी मॉडेल तर लागेलच. अर्थशास्त्रज्ञ टिनबर्गेनने १९६२ मध्ये ते व्यापाराला लावलं. दोन देशांची उत्पन्नं आणि त्यांमधलं अंतर यावर त्यांचा व्यापार. पंचाईत शून्यांची आहे. अनेक देशजोड्यांत व्यापारच नसतो आणि शून्याचा लॉग निघत नाही. त्या ओळी गाळल्या तर अंदाज वाकतो. प्रत्येकात १ मिळवणं त्याहून वाईट, कारण डॉलरऐवजी हजार डॉलर हे एकक धरलं की उत्तरच बदलतं. सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये दाखवलेली पॉइसन पद्धत वापर, तिला शून्यं चालतात. निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष असे फिक्स्ड इफेक्ट्स, म्हणजे प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळा डमी, टाकलेस की देशाचं उत्पन्न समीकरणातून आपोआप गळतं. तेव्हा घाबरून ते इफेक्ट्स काढून टाकू नकोस.

नोकरीचं थोडक्यात. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला पदव्युत्तर अर्थशास्त्र लागतं, वय २१ ते ३०. लेखी १००० गुण, मुलाखत २००. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून पीएच.डी. संपल्यावर बघू असं म्हणू नकोस. तोवर वय निघून जातं. जिनिव्हाचा विचार असेल तर एक सांगते. पोर्तुगीज तुला पणजीत सहज शिकता येईल, पण जागतिक व्यापार संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. सुट्टीत फ्रेंचचा वर्ग लाव. फी किती ते कळव.

तुझी,
आई